जावयाचं ग्रिल

आमच्या घरात जावई चुकत नाही. तो फार तर थकतो, त्याला उन्हाचा त्रास होतो, किंवा त्याचं म्हणणं आम्हा गावंढळांना समजत नाही. चुका करायला आमच्याकडे लेकी आहेत, सून आहे, म्हैस आहे. जावई एकच आहे. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे दुसरा जावई या उंबऱ्यातून आत आलाच नाही, ही आईची खंत आहे. माझ्या मते घर अजून उभं आहे ते त्यामुळेच.

हे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, महागावकडच्या एका खेड्यातले. लहानपण गुरांमागे गेलेलं. पण पुण्यात नोकरी लागली आणि वर्ष उलटायच्या आत त्यांच्या तोंडचं 'मले' जाऊन 'मला' आलं. आता राळेगावला सासरी येतात ते एखाद्या साहेबानं पाहणीला यावं तसे. आमचं पाणी जड, आमचे रस्ते खराब, आमच्या चहात साखर फार. आई मान डोलावते आणि दुसरा चहा साखर कमी घालून आणते. तो अगोड लागला म्हणून ते अर्धा ठेवतात.

दसऱ्याला आले तेव्हा त्यांच्या गाडीच्या डिकीत एक भलंमोठं खोकं होतं. त्यातून पत्र्याचे तुकडे, जाळ्या, दांडे निघाले. अंगणात ठेवून गॅसवर चालवायचं ग्रिल. पुण्याला त्यांच्या गॅलरीत एक आहेच, आणि त्याचे फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर रविवारी येतात. हे दुसरं सासरवाडीला भेट.

"हे काय होय, कूलर काय?" आईनं विचारलं.

"आई, यावर भाजतात. धूर नाही, राख नाही, कटकट नाही."

आमच्याकडे वांगं पऱ्हाटीवर भाजतात. कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी. तिच्या जाळात काटेरी देठाचं वांगं टाकायचं, आणि तो धूर वांग्यात मुरला तर भरीत, नाही तर नुसता उकडलेला लगदा. आईला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ती म्हणाली, "लय चांगलं हाय, धुराची लयच कटकट होती." वर्षानुवर्षं धुरात बसून तिनं कधी हूं का चूं केलं नव्हतं, आणि आता जावयासमोर तिचे डोळे जुन्या धुरानं चुरचुरायला लागले.

भाऊजींनी ते ग्रिल स्वतः जोडलं. सोबत एक माहितीपुस्तिका होती. एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली त्यांनी ती घडी करून सरकवली आणि पुस्तिकेचा विषय संपला. शेवटी मूठभर स्क्रू उरले. "कंपनी जास्तीचे देते," ते म्हणाले. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, ते स्क्रू हळदीकुंकवाच्या वाटीइतके जपून एका डबीत ठेवले.

मग नळीचा प्रश्न आला. सोबत आलेली नळी आमच्या सिलिंडरपर्यंत पोचेना. सणामुळे दुकानं बंद, आणि जावयाला थांबायची सवय नाही. तेव्हा दादाला सेवा करायची संधी मिळाली. त्यानं गोठ्यातून फवारणीच्या जुन्या पंपाची नळी कापून आणली, एक टोक ग्रिलला, एक टोक रेग्युलेटरला बसवलं आणि दोन्हीकडे बारीक तार पिळली.

"दादा, ही औषध मारायची नळी आहे," मी म्हटलं. "गॅसची नळी वेगळी येते. तिच्यावर छाप असतो, वापरायची मुदत असते."

"याच्यानं औषिद मारून राह्यलो इतके वर्षं, थेंब नाही गळत. तू शाळेत शिकवजो हे."

मी शाळेतच शिकवते. पोरांची खिचडी गॅसवर शिजते, तिच्यावर देखरेख माझी. त्यामुळे सिलिंडर, नळी, शेगडी यांच्याबद्दल मला प्रशिक्षण दिलेलं आहे, आणि आमच्या घरात माझ्या या प्रशिक्षणाला तितकीच किंमत आहे जितकी त्या पुस्तिकेला.

दसऱ्याला अवजारांची पूजा होते. वखर, डवरा, विळे, आईचं शिलाई मशीन, दादाची मोटरसायकल, सगळी एका रांगेत. यंदा त्या रांगेत शेवटी काळं, झाकणवालं ग्रिल. बाकीच्यांना बाहेरून हळदीकुंकू लागलं. ग्रिल जावयाचं, म्हणून त्याचा मान मोठा. आईनं झाकण उघडलं आणि आतल्या बर्नरवर, जिथल्या बारीक भोकांतून गॅस येतो नेमकं तिथे, हळद, कुंकू आणि भरघोस अक्षता वाहिल्या. काही तांदूळ भोकांत जाऊन बसले. मी म्हटलं, "आई, भोकं बुजतील."

"सणाच्या दिवशी तोंड नको चालवू," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पहिला प्रयोग झाला. कोंबडी. भाऊजी चिमटा हातात घेऊन खुर्चीवर बसले आणि ग्रिलसमोर उभी राहिली ताई. पुण्यालाही असंच चालतं, हे मला ताईकडून माहीत आहे. ग्रिल करणं ही पुरुषांची कला आहे, फक्त त्यातलं उभं राहणं, वाकणं, उलटणं आणि भाजून घेणं बायकांकडे आहे. अर्धे बर्नर पेटत होते, अर्धे फुरफुरत होते. कोंबडी वरून कोळसा आणि आतून जिवंत. "एकदम हॉटेलवानी," दादा म्हणाला आणि तो तुकडा रुमालात गुंडाळून त्यानं कुत्र्याला घातला, तेही मला दिसू नये अशा बेतानं. वहिनीनं उरलेली कोंबडी गुपचूप कढईत टाकून रस्सा केला. तो संपला.

जेवणं झाल्यावर भाऊजींनी गरम ग्रिलवरच प्लास्टिकचं कव्हर ओढलं. ते थोडं वितळलं आणि कायमचं चिकटलं. सिलिंडर बंद करायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं, ते मी केलं. खालच्या ताटलीत चरबी साचली होती. ही चरबी दर वेळी काढून टाकायची असते, नाहीतर पुढच्या खेपेला तीच पेट घेते. मी ताटली ओढायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे व, जवाईचं सामान हाय, इकडचं तिकडं झालं तर?" म्हणून ते ग्रिल चरबी, तांदूळ, वितळलेलं कव्हर या सगळ्या मानमरातबासह छपरीत गेलं. छपरी म्हणजे आमच्या घरापुढचा टिनाचा मांडव, तीन बाजूंनी बंद.

दिवाळीपर्यंत शेतातून कापूस आला. भाव पडलेला असला की आमच्याकडे कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात. आधी मागची खोली भरली, मग छपरी. भिंतीपासून आढ्यापर्यंत पांढरा ढीग. त्याच्या पायथ्याशी जावयाचं ग्रिल.

भाऊबीजेला ताई आणि भाऊजी आले. चहा अर्धा ठेवून भाऊजींनी जाहीर केलं, की उद्या ग्रिलवर वांग्याचं भरीत. आणि छपरीतच, कारण अंगणात ऊन लागतं. ऊन लागलं असतं ते ताईला, पण ते असो.

छपरीत हवा खेळत नाही, शेजारी कापूस, आणि समोर वाकून उभी राहणार ती माझी बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी उठायच्या आत मी भांड्याच्या साबणाचा फेस केला, ब्रशनं नळीला लावला आणि सिलिंडर जरासं सोडलं. गळती असेल तिथे फेसाला बुडबुडे येतात, इतकी साधी ही परीक्षा. दोन्ही तारांच्या खालून बुडबुडे आले. नळीच्या मधोमध उंदरानं दात लावून पाहिले होते, तिथूनही आले. मी सिलिंडर बंद केलं आणि दादाला बोलावून सगळं दाखवलं.

दादानं एक बुडबुडा बोटानं फोडला, तिथे दुसरा आला. मग म्हणाला, "पन जवाईले सांगावं कसं?"

"तोंडानं."

"त्याईले वाटन, आपन त्याईच्या वस्तूत खोट काढून राह्यलो. अन पाईप त मीच देल्ला."

"मग तूच नवीन आण. दुकान उघडलं असेल."

"अन त्याईनं इचारलं, काहून बदलला, त?"

आम्ही आईकडे गेलो. आईनं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "दिवाळीच्या दिवसात त्याईचं मन दुखवायचं नाही. मामाले फोन लावा."

जावयाला काही सांगायचं असेल तर ते घरातल्या माणसानं सांगायचं नसतं, सोयरीक जमवणाऱ्यानं सांगायचं असतं, अशी आमच्याकडची रीत आहे. ही सोयरीक मामानं जमवली. म्हणून घरात गॅस गळतो, हे बाजूच्या खोलीत झोपलेल्या माणसाला कळवायला आम्ही महागावला फोन लावला. मामाला सगळं सांगितलं. मामा म्हणाला, काळजीच करू नका. भाऊजी उठल्यावर त्यांच्या हातात फोन दिला, स्पीकर चालू. मामा सोयाबीनवर बोलला. दाण्यातल्या ओलाव्यावर बोलला. महागावच्या रस्त्यावर बोलला. स्वतःच्या गुडघ्यावर बोलला. आम्ही तिघं दाराआड कान लावून उभे. शेवटी मामा म्हणाला, "अन ते ग्रिल का काय आनलं म्हने तुमी, लय चांगलं केलं. जपून वापरजा."

"हो मामा," भाऊजी म्हणाले.

"झालं," आई समाधानानं म्हणाली. "सांगतलं न मामानं."

मी स्वयंपाकघरात गेले. ताई वांग्यांना तेलाचं बोट लावत होती. तिला मी बुडबुडे सांगितले, उंदीर सांगितला, कापूस तर दिसतच होता. ती खाली मान घालून म्हणाली, "मला वास दसऱ्यालाच आला होता. पण आता बोललं तर पुण्यापर्यंत गाडीत तोंड फुगलेलं असतं गं. मग आठ-आठ दिवस घरात बोलणं नाही. भरीत होईपर्यंतच तर आहे."

माझं डोकं फिरलं. मी सरळ छपरीत गेले. साळीला, म्हणजे मेहुणीला, थट्टेत बोलायची मुभा असते, ती वापरून म्हटलं, "भाऊजी, तुमच्या ग्रिलला आमच्या उंदरानं प्रसाद समजून खाल्लंय. नळी बदलू, आणि हे अंगणात मोकळ्यावर घेऊ. पेटवताना झाकण उघडं ठेवा."

भाऊजी हसले. "साळीबाई, तुम्ही तुमची खिचडी बघा. नव्या मशीनला वास येतोच."

थट्टेनं भागलं नाही म्हणून मी रेग्युलेटर काढून ज्वारीच्या कोठीत पुरला. आईनं तो शोधून काढला, पदरानं पुसला आणि पोरीच्या वतीनं माफी मागून जावयाच्या हातात दिला.

मग मी ग्रिल दोन्ही हातांनी धरून अंगणाकडे ओढायला लागले. भाऊजी ते परत आत ढकलायला लागले. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. शेवटी ग्रिल अर्धं छपरीत, अर्धं अंगणात, असं उंबरठ्यावर राहिलं, आणि मी सिलिंडरजवळ जाऊन उभी राहिले. तिथून मला कोणी हलवू शकलं नाही. आई म्हणाली, "हिचं असंच हाय, तुमी मनावर घेऊ नका."

भाऊजींनी झाकण तसंच बंद ठेवून सगळ्या कळा पूर्ण फिरवल्या. मग पेटवायचं बटण दाबलं. खट. पुन्हा खट. दसऱ्याचे तांदूळ भोकांत, ठिणगीच्या जागी कुंकवाचा थर. खट, खट, खट. गॅस मात्र येत होता, झाकणाखाली साचत होता. वास इतका झाला की वहिनी नाकाला पदर लावून मागे सरली.

"भाऊजी, आधी कळा बंद करा. झाकण उघडा. थोडा वेळ वारा लागू द्या, मग बघू."

"इथं सगळ्यांना सगळं कळतं," ते म्हणाले, आणि आत आवाज दिला, "माचिस आण गं."

मी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करायला खाली बसले. ताई माचिस घेऊन आली. भाऊजी खिशातून मोबाइल काढत चार पावलं मागे गेले, कारण पेटतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा होता. मी ओरडले, "ताई, नको." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "लाव." तिनं काडी ओढली आणि झाकण उचललं.

भप् असा आवाज झाला. मोठा नव्हता. निळा-पिवळा लोळ झाकणातून बाहेर आला, ताईच्या तोंडावरून गेला, आणि खालची ताटलीतली चरबी धडधडायला लागली. मी रेग्युलेटर फिरवला होता म्हणून नळीतून पुढे काही आलं नाही. कापसाच्या कडेला ठिणगी पडली. दादा आणि वहिनीनं म्हशीच्या अंगावर टाकायला भिजवलेलं पोतं त्याच्यावर टाकलं, आणि मी चरबीवर चुलीची राख ओतली. पाणी ओतायचं नसतं.

या सगळ्यात भाऊजी अंगणातली रांगोळी तुडवत तुळशीपाशी पोचले होते. "मेलो वो माय, मेलो," ते ओरडत होते. पुण्याची भाषा एका दमात गेली.

आई धावत त्यांच्याकडे गेली. दादा खुर्ची घेऊन गेला. "जवाईबापू, तुमाले लागलं त नाही न?" दादानं विचारलं. आईनं त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी आणलं. ते पाणी प्यायले. त्यांच्या अंगावर भाजल्याचा डागही नव्हता, फक्त पायाला रांगोळी लागली होती, तीसुद्धा आईनं पुसली.

ताई नळापाशी होती. एकटी. भुवया गेल्या होत्या, पुढचे केस जळून गोळा झाले होते, उजवा हात मनगटापर्यंत लाल होऊन फुगत होता. ती रडत नव्हती. मी तिच्या बांगड्या आणि अंगठी काढली आणि हात नळाखाली धरला. वहिनी टूथपेस्ट घेऊन आली, शेजारीण किसलेला बटाटा घेऊन कुंपण ओलांडून आली, मी दोघींना हाकललं. नुसतं वाहतं पाणी, बराच वेळ, बाकी काही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. ताई म्हणाली, "स्वयंपाक करताना. माझंच लक्ष नव्हतं." दादानं मान हलवली. मी डॉक्टरांना फवारणीच्या पंपापासून सगळं सांगितलं. त्यांनी दादाकडे बघितलं, तेव्हा दादा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागला.

घरी आलो तर भाऊजी खाटेवर तोंड फुगवून बसले होते. पुन्हा पुण्याची भाषा आली होती. "सकाळपासून माझ्या मागे कुरकूर चालली होती. माणसाचं लक्ष राहील कसं? एवढी हौसेनं आणलेली वस्तू, तिला नजर लावली." आई माझा दंड धरून म्हणाली, "पाया पड त्याईच्या. विषय संपव."

मी पाया पडले नाही. मी म्हटलं, "भाऊजी, नजर लावली नाही, साबण लावला. बुडबुडे सगळ्यांनी पाहिले. दादानं पाहिले, आईनं ऐकले, मामाला महागावपर्यंत कळवले. तुमचा मान सांभाळायला आख्खं घर राबलं, म्हणून हिचा हात भाजला." आमच्या घरात जावयाला इतकं लांब वाक्य आजवर कोणी बोललं नव्हतं.

भाऊजी उठले. "चला. असल्या घरात पाणी पिणार नाही. सामान भर."

ताई ओट्यावर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. तिनं जळलेल्या भुवयांचं तोंड वर केलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी हात बरा होईस्तो इथेच आहे."

त्यांनी बॅगची चेन उघडली, परत लावली. कोणीतरी मध्ये पडून समजूत घालेल म्हणून वाट बघत असावेत. दादा आईकडे बघत होता, आई मोबाइलकडे, बहुतेक मामाचा नंबर शोधत. मग भाऊजींनी बॅग उचलली आणि गाडीकडे गेले. आई कासावीस झाली. ताईजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, असं करू नाही व. ते एकटे जातीन काय? त्याईच्या जेवनाचं कसं होईन तिकडं?"

"ग्रिल आहे न गॅलरीत," ताई म्हणाली, आणि डावा हात पुढे करून तिनं वहिनीकडे चहा मागितला.